टेबलावरची रेल्वे : खेळणे, कारागिरी आणि जतन

१/
घरात मांडल्या जाणाऱ्या रेल्वे-प्रतिकृतींचा इतिहास रेल्वेच्या कारखान्यात सुरू होत नाही. तो बाहुल्यांच्या स्वयंपाकघरात सुरू होतो. जर्मनीतील ग्यॉपिंगेन या गावी १८५९ मध्ये थिओडोर मेर्क्लिन या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने बाहुलीघरांसाठी पत्र्याची चिमुकली भांडीकुंडी घडवण्याचा व्यवसाय उभारला. १८६६ मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी कॅरोलिने यांनी तो बंद पडू दिला नाही. बाजारपेठांत फिरून विक्री करण्याचे काम त्यांनी स्वतः केले आणि पुढे व्यवसाय मुलांच्या हाती सोपवला.

२/
बाहुलीघराच्या धंद्याचे एक मर्म होते. एकदा घर विकले की संबंध संपत नाही, तेव्हा तो सुरू होतो. यंदा चूल, पुढच्या वर्षी मांडणी, त्यानंतर पलंग. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत मेर्क्लिन बंधूंनी हेच मर्म रेल्वेला लावले. इंग्रजी आठच्या आकारात जोडलेले रूळ, त्यांवर चावीची गाडी आणि मागाहून जोडता येतील असे सुटे भाग. गाडी ही वस्तू न राहता वाढत जाणारी व्यवस्था झाली.

३/
त्याआधीही पत्र्याची, लाकडाची, पितळेची इंजिने मिळत. पण बहुतेक जमिनीवर ओढायची असत आणि रूळ असलेच तर प्रत्येक कारखान्याची रुंदी निराळी असे. मेर्क्लिनने रुंदीला क्रमांक दिले. क्रमांक १ चा रूळ ४५ मिलिमीटरचा. त्याहून लहान आकाराला पुढे ० हा क्रमांक मिळाला आणि त्याची रुंदी सुमारे ३२ मिलिमीटर ठरली. इतर कारखान्यांनी हेच क्रमांक उचलले. आज जगभरचे छांदिष्ट जे आकडे सहज बोलतात, त्यांचे मूळ एका खेळणीवाल्याच्या व्यापारी हिशेबात आहे.

४/
या गाड्या चालत कशाने? तीन मार्ग होते. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून खरी वाफ काढणारे इंजिन, स्प्रिंगला चावी देऊन पळणारे इंजिन आणि विजेचे इंजिन. वाफेला भाजण्याचा धोका, चावीला अंतराची मर्यादा. विजेच्या बाजूने महत्त्वाचे पाऊल न्यूयॉर्कमध्ये पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी जोशुआ लायोनेल कावन यांनी दुकानांच्या दर्शनी काचेत गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी विजेवर फिरणारी एक गाडी बनवली. गिऱ्हाइके दुकानातला माल सोडून गाडीचीच किंमत विचारू लागली. लायोनेल या प्रसिद्ध कंपनीचा जन्म असा झाला.

५/
सुरुवातीच्या काही विद्युत गाड्या घरातल्या वीजपुरवठ्यावर, मध्ये केवळ एक दिवा जोडून चालवल्या जात. उघड्या रुळांतून वाहणारा हा प्रवाह मुलांच्या हाताशी असे. १९२० च्या दशकात युरोपात कमी दाबाच्या ट्रान्सफॉर्मरकडे वाटचाल झाली ती यामुळे. पुढे रूढ झालेला १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह म्हणजे केवळ तांत्रिक सोय नव्हे. दिवाणखान्यात रेल्वे निर्धास्तपणे मांडता येण्याची ती पूर्वअट होती.

६/
इंग्लंडमध्ये या छंदाला प्रतिष्ठा दिली ती नॉर्दम्प्टनच्या डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी. १८९९ मध्ये त्यांनी टपालाने माल पाठवणारा व्यवसाय सुरू केला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याशी गाठ पडली. इंग्रजी इंजिनांचे आराखडे इंग्लंडमधून जाऊ लागले आणि तयार प्रतिकृती जर्मनीतून येऊ लागल्या. हेन्री ग्रीनली या अभियंत्याने आराखड्यांत अचूकपणा आणला. गाडी ‘इंजिनासारखी’ दिसणे पुरेसे नाही, ती विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट इंजिनाची प्रतिकृती हवी, ही अपेक्षा या काळात रुजली.

७/
१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे खेळणे घरात आणणे इंग्रज पालकांना नकोसे झाले. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी तोवर मेकॅनो या जोडखेळामुळे नावारूपाला आले होते. १९२० मध्ये त्यांनी ० मापाच्या चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. त्या पत्र्याच्याच होत्या, पण बोल्ट काढून पुन्हा जोडता येत. ‘हॉर्नबी’ हे नाव पुढील काही पिढ्यांसाठी खेळण्यातल्या रेल्वेचेच दुसरे नाव बनले.

८/
यानंतरचा प्रश्न जागेचा होता. ० मापाच्या मांडणीला मोठी खोली लागे, आणि शहरांतील घरे तर आखडत चालली होती. १९२२ मध्ये बिंगने बॅसेट-लोकच्या साहाय्याने १६.५ मिलिमीटर रुळाची ‘टेबल रेल्वे’ आणली. ती ० च्या निम्म्याइतकी, म्हणून तिला ‘दोन शून्यां’चे नाव पडले. १९३५ मध्ये ट्रिक्स आणि मेर्क्लिन या दोन्ही जर्मन कंपन्या याच आकाराच्या विद्युत गाड्या घेऊन उतरल्या. इंग्लंडमध्ये १९३८ ला ‘हॉर्नबी डब्लो’ आली. जेवणाच्या टेबलावर मावणारी रेल्वे आता प्रत्यक्षात आली होती.

९/
ट्रिक्समागे स्टेफान बिंग होते. न्यूरेंबर्गच्या त्याच बिंग घराण्यातले. त्यांच्या गाड्यांची युक्ती अशी की तीन रुळांच्या रचनेमुळे एकाच मार्गावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवता येत. परंतु घराणे ज्यू होते आणि सत्तेवर नाझी होते. १९३८ मध्ये ट्रिक्सची मालकी सोडून त्यांना इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. ज्या शहराने जगाला खेळणी पुरवली त्याच शहराने आपल्या खेळणीवाल्यांना हाकलले. छंदाचा इतिहास राजकारणापासून अलिप्त असतो, हा समज येथे टिकत नाही.

१०/
या काळात एक तडजोड झाली आणि ती आजतागायत टिकून आहे. १६.५ मिलिमीटर रुळाला योग्य प्रमाण १:८७ हे. त्याला ‘एचओ’ म्हणतात. पण ब्रिटिश इंजिने मुळात अंगाने लहान. १:८७ प्रमाणात त्यांच्या पोटात तेव्हाची मोटर मावेना. म्हणून इंजिनाचे अंग १:७६ प्रमाणात वाढवले आणि रूळ होता तेवढाच ठेवला. परिणामी १४३५ मिलिमीटरचा खरा मार्ग प्रतिकृतीत १२५७ मिलिमीटरचा भासतो. ब्रिटिश गाड्या आपल्या रुळांवर किंचित फताड्या दिसतात त्या यामुळे. हा दोष काढण्यासाठी काहींनी १८ आणि पुढे १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने बनवले.

११/
प्रमाणाचा हिशेब मांडला की घरगुती मांडणीची खरी अडचण उमगते. १:८७ प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीचा ३४ किलोमीटरचा मार्ग या प्रमाणात उभारायचा तर सुमारे ३९० मीटर लांबीचे सभागृह लागेल. चार मीटर बाय तीन मीटरच्या खोलीत बसते ते जेमतेम ३४८ बाय २६१ मीटरचे जग. एखाद्या मोठ्या स्थानकाचा फलाटसुद्धा त्यात पुरता मावत नाही.

१२/
वळणांची गोष्ट अधिकच अवघड. घरगुती मांडणीतले ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण खऱ्या मापात ३९ मीटरचे होते. मुख्य मार्गावरचे एक्स्प्रेस इंजिन त्यावरून जाऊच शकणार नाही. म्हणून मांडणी करणारा निवड करतो. दहा फलाटांऐवजी तीन, वीस डब्यांऐवजी पाच, आणि वळण बोगद्यात किंवा डोंगराआड दडवलेले. प्रतिकृती म्हणजे सारे काही लहान करणे नव्हे. काय गाळायचे हे ठरवणे होय. इतिहासलेखनाशी तिचे नाते येथूनच जुळते.

१३/
मांडणी उभी कशी राहते? तळाशी लाकडी चौकट. तिच्यावर रुळांपुरती फळी, म्हणजे मार्गाच्या वर डोंगर आणि खाली दरी दोन्ही करता येतात. चढ साधारण शंभरास दोन ते तीन. त्याहून अधिक चढावर लांब गाडीची चाके घसरतात. डोंगरासाठी चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांचा वा जाळीचा उंचवटा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी रुमाल. ते वाळले की टणक, पोकळ कवच उरते. गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा, खडीसाठी चाळलेली बारीक वाळू. सांधे नीट बसले नाहीत तर बाकीची कारागिरी व्यर्थ, कारण गाडी पहिल्यांदा घसरते ती तिथेच.

१४/
मांडणीत भूदृश्य असावे ही कल्पना आज स्वयंसिद्ध वाटते. १९३० च्या दशकात ती तशी नव्हती. तेव्हा बहुतेक ठिकाणी उघड्या फळीवर रूळ आणि एखाददुसरे स्थानक असे. लंडनच्या जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ ही सर्वस्वी काल्पनिक छोटी रेल्वे रचली. मॅडरपोर्ट हे बंदर, दाट वस्तीच्या गल्ल्या, वाकडी छपरे, गावकुसाबाहेरची शेते, आणि या साऱ्यांतून संथपणे जाणारी गाडी. रेल्वेसाठी गाव नव्हे, गावासाठी रेल्वे असते, हे त्यांनी पुठ्ठ्याच्या भिंतींनी सिद्ध केले.

१५/
अमेरिकेत छंदाला संघटित रूप आले. १९३४ मध्ये मिलवॉकीतून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघाले. १९३५ मध्ये त्याच शहरात राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कोणत्याही कारखान्याचा डबा कोणत्याही रुळावर चालावा यासाठी चाकांची व रुळांची मानके तिने ठरवली. न्यू ऑर्लीन्सचे फ्रँक एलिसन यांनी याच काळात एक मर्मग्राही विचार मांडला. मांडणी हा रंगमंच, भूदृश्य हा पडदा, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. कथानक नसेल तर पात्रे नुसतीच गोल गोल फिरतात.

१६/
हे कथानक सर्वांत निष्ठेने जगले ते इंग्लंडमधील रेव्हरंड पीटर डेनी यांच्या घरात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ‘बकिंगहॅम’ ही मांडणी सुरू केली. ग्रेट सेंट्रल रेल्वेची एक काल्पनिक शाखा, काळ १९०७ च्या आसपासचा. इंजिने, डबे, सांधे, इमारती बहुतांशी हाताने घडवलेल्या. पण तिचे वैशिष्ट्य दिसण्यापेक्षा चालण्यात होते. प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चालक, आणि स्थानकांमधला संवाद खऱ्या रेल्वेप्रमाणे घंटांच्या संकेतांनी.

१७/
ही घंटांची भाषा समजून घेण्यासारखी आहे. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’. चार ठोके म्हणजे ‘एक्स्प्रेस येऊ द्यावी का?’ पुढील स्थानकाने तेच ठोके परत वाजवले की परवानगी मिळाली. गाडी निघाली की दोन ठोके. ती सुखरूप पोहोचून मार्ग मोकळा झाला की दोन आणि एक. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम यातून पाळला जाई. भारतीय रेल्वेतला ‘लाइन क्लिअर’ हा रुळलेला शब्द याच ब्रिटिश व्यवस्थेचे अपत्य आहे.

१८/
अशी मांडणी एकट्याने चालत नाही. डेनी यांच्या जोडीला त्यांचा मुलगा क्रिस्पिन बसत असे. तो नसेल तेव्हा काय? डेनी यांनी एक यंत्र जुळवले. ते दुसऱ्या स्थानकाच्या चालकाची जागा घेई, घंटांना उत्तर देई आणि वेळापत्रकाबरहुकूम गाड्या मागे. त्याला नाव दिले ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. घरगुती संगणकाचा मागमूसही नसलेल्या काळात मुलाच्या अनुपस्थितीवर शोधलेला हा यांत्रिक उपाय होता. छंदाच्या इतिहासातली इतकी मायेची यंत्रे विरळाच.

१९/
यंत्राची गरज का पडावी, हे विजेच्या रचनेतून कळते. दोन रुळांच्या पद्धतीत वीज रुळांतून जाते. दाब वाढवला की वेग वाढतो, ध्रुव उलटले की गाडी मागे जाते. म्हणजे नियंत्रण इंजिनाचे नसून रुळाचे असते. त्या रुळावर दोन इंजिने असतील तर दोन्ही एकदमच पळतील. म्हणून मार्गाचे विद्युतदृष्ट्या तुटक टप्पे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्यावे लागते. शिवाय मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला की उजवा रूळ डाव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. मोठ्या मांडणीखाली तारांचे जंगल माजते ते या कारणांनी.

२०/
या जंगलातून एक अनपेक्षित वाट फुटली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ पासून विद्यार्थ्यांचा एक रेल्वे-प्रतिकृती मंडळ होता. त्यातला एक गट वरच्या डोंगरदऱ्यांत रमे. दुसरा गट फळीखाली टेलिफोनचे रिले जोडून नियंत्रणाची कोडी सोडवी. चतुर जुळणीला ते ‘हॅक’ म्हणत. पीटर सॅमसन यांनी १९५९ मध्ये केलेल्या मंडळाच्या शब्दकोशात तो शब्द नोंदलेला आहे. हीच मुले पुढे संस्थेतल्या संगणकांकडे वळली. ‘हॅकर’ या शब्दाच्या संगणकीय अर्थाचा एक धागा असा खेळण्यातल्या रेल्वेखालून जातो.

२१/
विसाव्या शतकाच्या अखेरीस तारांचा प्रश्न सुटला. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या कामावर आधारलेली अंकीय नियंत्रणपद्धती अमेरिकी संघटनेने १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. आता रुळांत वीज कायम असते आणि तिच्याबरोबर संदेशही जातात. प्रत्येक इंजिनात एक चकती, तिला स्वतःचा क्रमांक. संदेशातील क्रमांक जुळला तरच ते इंजिन हलते. शतकभर रुळाकडे असलेले नियंत्रण अखेर इंजिनाकडे गेले. खऱ्या रेल्वेत ते पहिल्यापासून तिथेच होते.

२२/
कलेच्या दृष्टीने या छंदाचे शिखर म्हणून कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील जॉन अॅलन यांचे नाव घेतले जाते. व्यवसायाने ते छायाचित्रकार. घराच्या तळघरात त्यांनी ‘गोर अँड डफेटिड’ ही रेल्वे रचली. उच्चार जाणूनबुजून ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांसारखा. जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारे कडे, जागा वाढल्याचा भास देणारे आरसे, आणि शंटिंगसाठी इंजिनाऐवजी जुंपलेला एक डायनासोर. गंज, काजळी, फिकटलेला रंग हे सौंदर्याचे भाग आहेत हे त्यांनी दाखवून दिले. त्याआधीच्या प्रतिकृती नुकत्याच कारखान्यातून आल्यासारख्या लखलखीत असत.

२३/
६ जानेवारी १९७३ रोजी अॅलन यांचे निधन झाले. काही दिवसांतच त्यांच्या घराला आग लागली आणि वीस वर्षे वाढवलेली ती मांडणी जवळजवळ पूर्ण नष्ट झाली. आज ती उरली आहे ती त्यांनीच काढलेल्या छायाचित्रांत आणि लिन वेस्टकॉट यांनी लिहिलेल्या, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. आग हा अपघात. पण आग न लागती तरी प्रश्न होताच. तळघराच्या भिंतींना जखडलेला डोंगर उचलून नेणार कसा? बहुतेक मांडण्या जळत नाहीत. मालक गेल्यावर घर विकले जाते आणि त्या मोडल्या जातात.

२४/
याच्या नेमके उलट उदाहरण इंग्लंडमधील पेंडनचे. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये आलेले रॉय इंग्लंड ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातली शाकारलेली घरे पाहून भारावले आणि ती झपाट्याने बदलताना पाहून अस्वस्थ झाले. घरे वाचवणे त्यांच्या हाती नव्हते, मोजणे होते. मापे घेऊन त्यांनी ती १:७६ प्रमाणात, परसातल्या भाजीपाल्यासह उभी केली. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम येथे पेंडन संग्रहालयाची पायाभरणी झाली. १९६१ मध्ये निधन झालेल्या अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही आज तिथेच आहे.

२५/
म्हणजे मांडणी तीन तऱ्हांनी टिकते. पेंडनची टिकली वस्तू म्हणून, अॅलन यांची प्रतिमा म्हणून, आणि डेनी यांची कृती म्हणून. बकिंगहॅम मांडणी डेनी यांच्यानंतर नव्या पालकाच्या घरी गेली आणि तिथे घंटांच्या संकेतांवर चालू राहिली. ही तिसरी तऱ्हा विशेष मोलाची. १९६३ च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधील २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. स्थानकाचे चित्र राहते. पण १९०७ मध्ये एका छोट्या स्थानकावर सिग्नलवाल्याचे हात दिवसभर काय करत, हे चित्र सांगू शकत नाही.

२६/
मात्र अशा मांडण्या साधन म्हणून वाचताना सावधपणा हवा. त्यांत उन्हाळा कायमचा असतो. भट्टीत कोळसा लोटणाऱ्याचा घाम, गँगमनच्या वस्तीतले दारिद्र्य, संपाचा दिवस सहसा दिसत नाही. काल्पनिक शाखा ही पुरावा नसते. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रतिकृतीला दोन प्रश्न विचारावेत : यात मोजून काय घेतले आहे, आणि आठवणीने काय भरले आहे? पेंडनच्या घरांचे मोल पहिल्या उत्तरात आहे, मॅडरपोर्टचे दुसऱ्या.

२७/
भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यापुढे ब्रिटिशांचीच जुनी अडचण नव्या रूपात येते. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो सुमारे १९.३ मिलिमीटर भरतो. बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ चा. म्हणजे रूळ हाताने घडवा किंवा अरुंद रुळावर समाधान माना. ७६२ मिलिमीटरच्या अरुंदमापी मार्गांचे मात्र भाग्य उजळ. ते पावणेनऊ मिलिमीटरच्या जवळ येतात आणि ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. विदर्भातली शकुंतला आणि जुनी बार्शी लाइट रेल्वे दोन्ही याच मापाच्या.

२८/
बार्शीचा संबंध तर थेट आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे त्यांनीच इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरात लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच मापाची रेल्वे १९०४ मध्ये सिद्धीस नेली. तिच्या इंजिनांवर बार्शीच्या घडणीची छाप होती. ती १९३४ मध्ये बंद पडली, तरी इंग्रज छांदिष्टांनी तिला टेबलावर जिवंत ठेवले. बार्शीचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. त्याचे अरुंद रूळ पुन्हा कुठे अंथरले जायचे असतील, तर ते कुणाच्या तरी घरातच.

२९/
महाराष्ट्रात ही परंपरा पाहायची असेल तर पुण्यातील कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. धावत्या गाड्या, सिग्नल आणि छोटे शहर असलेली ही मांडणी एका माणसाच्या ध्यासापलीकडे संस्था म्हणून उभी राहिली. अॅलन यांच्या तळघराला जे लाभले नाही ते असे : दार उघडणारे दुसरे हात.

३०/
हा छंद असणाऱ्यांसाठी या इतिहासाचा व्यवहारी अर्थ सोपा आहे. चौकट सुट्या भागांत करावी, म्हणजे ती दारातून बाहेर निघते. तारांचा नकाशा कागदावर काढून मांडणीखालीच ठेवावा. ज्या स्थानकाची प्रतिकृती केली त्याची मोजमापे, छायाचित्रे आणि वेळापत्रक एकत्र जपावे. आणि गाडी चालवण्याची रीत दुसऱ्या कुणाला तरी शिकवावी. भारतीय ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची इंजिने १९९५ मध्ये थांबली. ती चालवलेली, त्यांना सिग्नल दिलेली माणसे अजून आहेत. मोजायचे आणि विचारायचे ते आताच.